साक्ष देण्याआधी एका दाराशी जाऊन या

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 51. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मंडळी (म्हणजे चर्च) लहानपणापासून एकच. बारा वर्षांपूर्वी महिला मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे होता. त्या वर्षी मिस्टरांचे यंत्रमाग बंद पडले आणि मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. चर्चच्या हंगामाच्या सणातल्या लिलावाचे पैसे घरी होते. परत ठेवू म्हणून त्यातले पाच हजार घेतले. करता करता 23,000 झाले. हिशेबाची वेळ आली तेव्हा ताई म्हणाल्या, पैसे चर्चच्या कपाटात ठेवले होते. कपाटाची एक किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे असायची. पोलिसांत कोणी गेलं नाही, पण मावशींना कामावरून काढलं. पुढच्या चार वर्षांत ताईंनी सगळी रक्कम बिननावाच्या पाकिटांतून दानात टाकली. हे मिस्टरांनाही माहीत नाही. तीन वर्षांपासून त्या प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घेत नाहीत, ताट फिरायच्या आधी काहीतरी निमित्त काढून बाहेर येतात. आता त्यांना महिला मंडळाची सेक्रेटरी करायचं ठरतंय, आणि गुड फ्रायडेच्या आधीच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय. त्या विचारतात: "सगळ्यांसमोर सांगून मोकळी होऊ? की देवाने माफ केलंय, पैसे फिटलेत, मग मंडळीची बदनामी कशाला? मंडळी मला माफ करेल का? देवाने तरी खरंच केलं असेल का?" मावशी आता कुंभारीच्या घरकुलात राहून विड्या वळतात. त्या एकदा बाजारात दिसल्या, तेव्हा ताईंनी रस्ता ओलांडला.

उत्तर

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्यासाठी जीव तुटला. बारा वर्षं नवऱ्याशेजारी झोपून एक गोष्ट एकटीने उशाला घेणं सोपं नाही. दुसऱ्या वेळी मावशींसाठी तुटला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात मावशींच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या आहेत. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. अपराधाचं ओझं असंच असतं, माणूस स्वतःकडेच बघत राहतो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या साडेतीन ओळींत आहे, असं मला वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. देवाने माफ केलं असेल का? मी पाळक नाही, पण तुमच्यासारखीच मंडळीत वाढलेली बाई आहे, आणि माझा विश्वास विचाराल तर हो. लोकांकडून जास्तीचा कर उकळणाऱ्या जक्कयाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये ऐकली ती झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची म्हणून. आता ती मोठेपणी पुन्हा वाचा, लूकच्या 19 व्या अध्यायात. येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही, साधं 'चुकलो' म्हटलेलं नाही. आधी येशू त्याच्याकडे येतो. मग जक्कय उभा राहतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. कृपा ही परतफेडीची पावती असती तर हा क्रम उलटा झाला असता. पण हेही बघा, की कृपा घरात आल्यावर जक्कय गप्प बसून राहिला नाही. कोणाचं किती घेतलं, ते त्याला आठवायला लागलं.

तुम्ही लिहिलंय, "पाप देवाविरुद्ध होतं, देवाशी मिटवलं." आणि आधाराला 51 वं स्तोत्र दिलंय, दावीद म्हणतो ना, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. ताई, ही ओळ आपल्याकडे फार लोक ढालीसारखी वापरतात. जरा थांबून बघा, ते स्तोत्र दावीद कधी म्हणतोय. नाथान संदेष्टा येऊन गेल्यावर. तोवर उरीया, ज्याची बायको दावीदाने घेतली होती तो, दावीदाच्याच डावाने युद्धात मारला गेला होता. ज्याच्या दाराशी जाऊन दावीदाने मान खाली घालायला हवी होती, तो माणूसच उरला नव्हता. तुमच्या मावशी जिवंत आहेत आणि शहरातून बसने जाता येईल इतक्या जवळ आहेत. दावीदाला न मिळालेली संधी तुम्हाला मिळाली आहे. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशूने तर स्पष्टच सांगितलंय: वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुम्ही ताट यायच्या आधी बाहेर पडता. पाय बरोबर दिशेने निघतात, पण चर्चच्या आवारातच थांबतात.

आता "पैसे फिटले" याबद्दल. त्या पाकिटांवर नाव नव्हतं. म्हणजे चर्चच्या वहीत ते साधं दान म्हणून जमा झालं. गेलेले पैसे परत आले, हे कोणालाच कळलं नाही. वहीत एक भोक बारा वर्षं तसंच आहे आणि त्या भोकावर मावशींचं नाव आहे. तुम्ही लिहिलंय की मावशींना महिना 1,500 रुपये मिळायचे. एक हिशेब करा, तुम्हाला हिशेब येतो. पंधरा महिन्यांचे झाले 22,500. म्हणजे सव्वा वर्ष होऊन थोडे दिवस गेले, तेव्हाच मावशींचं बुडालेलं तुमच्या 23,000 च्या पुढे गेलं. त्यानंतरही वर्षं गेली. आणि त्यांनी तर काहीच घेतलं नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं चर्चचं नुकसान भरत होतात. मावशींचं कोणी मोजलंच नाही. लेवीयाच्या पुस्तकात अशा अपराधाला नियम आहे: फसवून घेतलेलं पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, आणि ज्याचं आहे त्याच्या हातात दे. 'ज्याचं आहे त्याच्या' या शब्दांवर बोट ठेवून बसा थोडा वेळ.

साक्षीबद्दल मला जरा मोकळेपणाने बोलू द्या, कारण ही गोष्ट तुमच्या एकटीची नाही.

आपल्या सभांमधून कोणत्या पापांच्या साक्षी होतात, ते आठवून बघा. दारू सुटली. राग जायचा नाही, तो गेला. जुगार, सिगारेट, नास्तिकपणा. ऐकणारे डोळे पुसतात, हालेलुया म्हणतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण ही बहुतेक अशी पापं असतात, ज्यांची झळ लागलेला माणूस सभेत बसलेला नसतो, किंवा त्याने केव्हाच माफ केलेलं असतं. "मी याच मंडळीच्या पैशाला हात लावला" ही साक्ष मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही. "मी वाटणीत भावाला फसवलं" हीसुद्धा नाही. जी सांगायला काही मोजावं लागत नाही, तेवढीच पापं आपण माइकवर नेतो. तुम्ही त्या माइकवर खरं सांगायला निघाला आहात, ही छोटी गोष्ट नाही. मी तिचा मान ठेवते.

आणि आपल्याकडे खऱ्या साक्षीची परंपराही आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन, म्हणजे विश्वासाच्या जागृतीची लाट, आलं, तेव्हा मुली मोठमोठ्याने रडत आपली पापं कबूल करत होत्या. पण मला त्याहून जास्त हलवतं ते पंडिता रमाबाईंचं स्वतःचं लिहिणं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. सगळ्या जगात नाव झालेली बाई, आणि 1907 मध्ये आपल्या साक्षीत लिहितात, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि यात जवळजवळ आठ वर्षं गेली. हे लिहिताना त्यांना केवढं मोजावं लागलं असेल! ज्यांनी टीका केली होती, त्यांच्या हातात त्यांनी आपण होऊन कोलीत दिलं.

तरीही, ताई, त्या सभेत साक्ष देऊ नका असं मी सांगणार आहे. निदान आत्ता नाही, आणि पहिल्यांदा तिथे तर नाहीच. का, ते सांगायला मला माझ्या आईकडे जावं लागेल.

माझ्या आईच्या माहेरच्या वाटणीत एका नातेवाइकाने तिची खोटी सही केली होती. वीस वर्षांनी तो प्रार्थना करून, रडून, आमच्या दारात आला. न कळवता आला. आई भाकरी थापत होती, पिठाच्या हातानेच बाहेर आली. तो तिच्या पायाशी बसून हुंदके देत राहिला. आईने त्याला उठवलं, पाणी दिलं, चहा केला, "जाऊ द्या भाऊ" म्हणाली. त्याने लगेच देवाचे आभार मानले आणि गेला. जाताना त्याची चाल सुद्धा बदलली होती. आई परत तव्यापाशी आली तेव्हा भाकरी कोळसा झाली होती. ती तशीच बसून राहिली. दोन दिवस धड जेवली नाही. नंतर एकदा मला म्हणाली, "मला रडायला त्याने जागाच ठेवली नाही गं."

मावशींच्या बाबतीत हे होऊ नये, एवढीच माझी काळजी आहे. तुम्ही सभेत उभ्या राहिलात तर चाळीस बायका तुम्हाला मिठी मारतील. त्या दिवशीच्या गोष्टीतली नायिका तुम्ही असाल. आणि मावशींना ती गोष्ट संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून कळेल. बारा वर्षांपूर्वी त्यांचा निर्णय त्यांना न विचारता झाला. आता त्यांची सुटकाही त्यांना न विचारताच होईल.

म्हणून आधी सेक्रेटरीपदाला नाही म्हणा, या आठवड्यातच. कारण सांगायची घाई नाही, "आत्ता मला जमणार नाही" एवढं पुरे. हिशेब, किल्ल्या, पावतीपुस्तकं यांपासून लांब राहा. कृपा मिळाली म्हणून खुर्चीही मिळायला हवी, असं कुठेच लिहिलेलं नाही.

मग मिस्टरांना सांगा. त्यांना राग येईल, आणि त्यातला बराचसा "मला का नाही सांगितलंस" याचा असेल. तो येऊ द्या. "तुमचे माग बंद पडले म्हणून" असं चुकूनही म्हणू नका. ते खरं असलं तरी त्या दिवशी म्हणू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. काहीही लेखी देण्याआधी एखाद्या वकिलाशी बोलून घ्या. बारा वर्षं उलटली म्हणजे कायद्याने विषय संपलाच, असं धरून चालू नका. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय असतं, पाळकांशी झालेल्या बोलण्याला आपल्या कायद्यात तसं स्पष्ट संरक्षण नाही. हे मी तुम्हाला घाबरवून परत फिरवायला सांगत नाही. जे पाऊल टाकाल ते डोळे उघडे ठेवून टाका, म्हणजे मधेच मागे फिरावं लागणार नाही.

पाळकांना सांगताना एक अट घाला: मावशींना मी स्वतः भेटेपर्यंत हे कमिटीत जाऊ नये. कॅथलिक मंडळीत धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलं तर ते बाहेर जाऊच शकत नाही, धर्मगुरूला तसं कडक बंधन आहे. आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत आपण उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतो आणि त्या 'सगळे मिळून'मध्ये ज्याचं त्याचं पाप छान लपतं. याकोबाच्या पत्रात मात्र एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. आपल्याकडे त्यासाठी ठरलेली जागा नाही, म्हणून माणूस स्वतः निवडावा लागतो. पाळकांच्या पोटात गोष्ट राहत नसेल, तर मंडळीतली एखादी वयस्क, कमी बोलणारी बाई निवडा. मावशींकडे जाताना ती बरोबर असू दे, पण दाराबाहेर.

मंडळीच्या बदनामीचं म्हणाल, तर मला एक विचारायचंय. किल्ली तुमच्याकडे होती. आणखीही कोणाकडे असेलच. मग संशय झाडू हातात असलेल्या बाईवरच का गेला? कोणी चौकशी केली? कोणी त्यांना बसवून विचारलं? नाही. खोटं तुमचं होतं, पण ते पचलं याचं कारण तिथल्या सगळ्यांना ते पचायला सोपं गेलं. हे मंडळीच्याही खात्यावर आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर पंचांना त्यांचा वाटा उचलायची संधी मिळेल. कमिटी कदाचित म्हणेल, "झालं गेलं, आता वाच्यता नको." त्या वेळी एका गोष्टीवर अडून बसा: मावशी निर्दोष होत्या, हे कमिटीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे, आणि मावशींची इच्छा असेल तर भर उपासनेत वाचलं गेलं पाहिजे. साक्ष म्हणून नको. गाणं नाही, रडणं नाही. पाळकांनी उपासनेतल्या सूचना वाचताना वाचावीत तशी चार सरळ वाक्यं. आणि मावशी म्हणाल्या की माझं नाव पुन्हा त्या चर्चमध्ये नको, तर तेही ऐकावं लागेल.

मंडळी माफ करेल का? काही जण करतील. काही जण तुमच्या शेजारच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसतील. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत जातो हे आपल्याला पाठ आहे. त्या स्वागतावर रागावून बाहेर थांबलेला थोरला भाऊ आत आला की नाही, हे मात्र ती गोष्ट सांगत नाही. थोरल्या भावासारखे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या रागातही न्याय आहे.

ज्या वाचकांना हे पत्र आपलंच वाटलं असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी मधेच सांगते. प्रत्येक जुनी गोष्ट सांगायलाच हवी असं नाही. जी सांगून फक्त आपण हलके होऊ आणि समोरच्याच्या हातात नुसतं दुःख राहील, ती पाळकांजवळ किंवा समुपदेशकाजवळ न्यावी. पण आपल्या गप्प राहण्याने कोणी आजही किंमत मोजत असेल, तर ती गोष्ट आपल्या एकट्याची नसते. दुसरं, मला अशी कितीतरी पत्रं येतात ज्यात बायका लहानपणी आपल्यावर झालेल्या अत्याचाराला "माझं पाप" म्हणतात. बायांनो, ते तुमचं पाप नाही. त्याची कबुली तुम्ही द्यायची नाही. आणि अपराधाच्या भावनेने झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आता प्रभुभोजनाबद्दल, ताई. तुम्ही लिहिलंय, "मी लायक नाही." पौल करिंथकरांना काय लिहितो ते नीट वाचा. माणसाने आपली परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करावी आणि बाहेर जाऊन चपला घालाव्यात, असं तो म्हणत नाही. मला विचाराल तर मावशींना भेटून आल्यानंतरच्या रविवारी बसून राहा. त्यांनी काहीही म्हटलेलं असो, ताट येईल तेव्हा हात पुढे करा.

मावशींकडे जाण्याबद्दल शेवटचं. त्या सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जातात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून दुपारी जा, आणि आदल्या दिवशी निरोप पाठवा, म्हणजे नको म्हणायची सोय त्यांना राहील. फळं, साडी, केक काही नेऊ नका. पैशांचा विषय त्या दिवशी काढू नका, तो दुसऱ्या भेटीत, आणि "मदत" हा शब्द न वापरता. ते त्यांचेच पैसे आहेत. त्या सूप मांडीवर घेऊन पानं कातरत असतील तर त्यांना काम थांबवायला लावू नका. हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते, तुमच्यासाठी त्यांची पन्नास विड्यांची खोटी होऊ नये. जमिनीवर बसा. "मावशी, ते पैसे मी घेतले होते. कपाटात ठेवलेच नव्हते. मी खोटं बोलले आणि तुमचं काम गेलं." एवढंच बोला. परिस्थिती सांगू नका, फी सांगू नका. माफ करा असंही लगेच म्हणू नका, कारण ते ऐकलं की आपल्या बायकांना सवयीने "जाऊ दे" म्हणावंच लागतं. रडू आलं तर आवरा, तुमच्याकडे रडायला बारा वर्षं होती. मग गप्प बसा. त्या ओरडतील, किंवा काहीच न बोलता पान कातरत राहतील, किंवा जा म्हणतील. जा म्हणाल्या तर उठा, आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद उंबऱ्याच्या आत ठेवून या.